दीर्घकालीन औषधे आणि आपत्कालीन तयारी: गोव्यातील रुग्णांचे व त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणासाठी आहे?

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, अपस्मार, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, मानसिक आजार, संधिवात, क्षयरोग, एचआयव्ही अशा कोणत्याही कारणाने ज्यांना महिनोन्‌महिने किंवा आयुष्यभर औषध घ्यावे लागते, त्यांच्यासाठी आणि त्यांचे औषधपाणी सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी ती आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही; मात्र पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, हे ती वाचून ठरवता येईल.

गोवा लहान आहे, रुग्णालय तास-दीड तासावर असते. एवढ्या तयारीची खरेच गरज आहे का?

आहे, कारण आपत्तीत अंतर तेवढेच राहते, रस्ता मात्र राहत नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात पावसाळा संपत आला असताना अचानक पूर आला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, झाडे वीजवाहिन्यांवर कोसळली आणि अनेक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्याच वर्षी २३ जुलैला म्हादई आणि तिच्या उपनद्या फुगून सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागांत घरांत पाणी शिरले. घाटांतील परिस्थितीही वेगळी नाही. अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड कोसळली की बेळगावकडून येणारा माल अडकतो, आणि जुलै २०२४ मध्ये पेडणे येथील बोगद्यात पाणी शिरल्याने कोकण रेल्वेची वाहतूकही थांबली होती. फार्मसीतील फळ्यांवरची बरीच औषधे अशाच मार्गांनी राज्यात येतात.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठी आपत्ती क्वचितच येते. परंतु घरापुढचा ओहोळ भरला, फेरीबोट बंद पडली, वीज दोन रात्री आली नाही, अशा लहान अडचणी जवळजवळ दरवर्षी येतात, आणि रोजच्या गोळीवर अवलंबून असलेल्या माणसासाठी दोन दिवसांची अडचणही लहान नसते.

घरात किती दिवसांचा साठा असावा?

आमच्या मते निदान चौदा दिवसांचा राखीव साठा कायम असावा. याचा अर्थ असा की, नवे औषध आणण्याचा दिवस हा जुने संपण्याचा दिवस नसून, हातातील साठा चौदा दिवसांवर येण्याचा दिवस असला पाहिजे. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा येथील आतल्या गावांत आणि फेरीबोटीवर अवलंबून असलेल्या दिवाडी, चोडण यांसारख्या बेटांवर पावसाळ्यापुरता तो महिन्याभराचा असला तर अधिक बरे.

मे महिन्यात आपल्याकडे पुरुमेंत भरण्याची रीत आहे. तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, कोकमाची सोले, सरपण हे सारे पहिल्या पावसाआधी घरात येते. औषधांचा हिशेबही त्याच दिवसांत करावा. एकदम पैसे घालणे शक्य नसेल तर मार्चपासून दर खेपेला एखादी पट्टी जास्त घ्यावी. जून उजाडेपर्यंत साठा आपोआप तयार होतो. डॉक्टरांची संमती असेल तर जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषधाने खर्च बराच कमी होतो.

राखीव म्हणून घेतलेली औषधे कपाटात वेगळी बांधून ठेवू नयेत. तशी ठेवलेली औषधे हमखास मुदत उलटून गेल्यावरच सापडतात. नवी पट्टी मागे ठेवावी, जुनी पुढे घ्यावी आणि रोजच्या वापरातूनच साठा फिरता ठेवावा.

माझी औषधे आरोग्य केंद्रातून महिन्याच्या हिशेबाने मिळतात. जास्तीची कशी मागायची?

एप्रिल-मेमध्ये नेहमीच्या तपासणीला जाल तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांना आपली अडचण नेमक्या शब्दांत सांगावी: घर कोठे आहे, पावसात कोणता रस्ता किंवा पूल पाण्याखाली जातो, औषध आणायला दुसरे कोणी आहे की नाही. ‘थोडी जास्त द्या’ असे म्हणण्यापेक्षा हे सांगितल्याने त्यांना निर्णय घेणे सोपे जाते. केंद्रात साठा असेल तर ते जास्त दिवसांचे औषध लिहून देऊ शकतात. ते शक्य नसेल तर तेच मूळ औषध, त्याच मात्रेत, चौदा दिवसांपुरते बाहेरून विकत घ्यावे. सरकारी पुरवठ्याची पट्टी आणि बाहेरची पट्टी दिसायला वेगळी असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी घेतल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून बाहेरच्या पट्टीवर ठळक अक्षरांत ‘राखीव’ असे लिहून ठेवावे.

चिठ्ठी हरवली किंवा भिजली तर फार्मसीत औषध मिळेल का?

ते औषधावर अवलंबून आहे. दीर्घकाळ घेतली जाणारी बहुतेक औषधे कायद्याच्या अनुसूची ‘एच’मध्ये येतात आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. ओळखीचा फार्मसिस्ट जुनी पट्टी पाहून रक्तदाबाच्या गोळ्या देईलही, पण त्या भरवशावर राहू नये. अनुसूची ‘एच-१’मधील औषधांची, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल यांची, विक्री रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह वेगळ्या वहीत नोंदवावी लागते, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. अनुसूची ‘एक्स’साठी तर चिठ्ठी दोन प्रतींत लागते. अशा औषधांवर असणाऱ्यांनी चिठ्ठीची मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि तिचे छायाचित्र दूर राहणाऱ्या नातेवाइकाच्या फोनवरही असू द्यावे.

घराबाहेर पडता येत नसेल तर फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेणे हा दुसरा मार्ग आहे. मार्च २०२० मधील टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर अशा सल्ल्यानंतर चिठ्ठी देऊ शकतात, आणि जुन्या आजारासाठी चालू असलेले औषध पुढे चालू ठेवणे यात बसते. अनुसूची ‘एक्स’मधील आणि अमली पदार्थांच्या वर्गातील औषधे मात्र या मार्गाने मिळत नाहीत.

सगळीच औषधे सारखी महत्त्वाची असतात का? कोणते औषध एक दिवसही चुकवून चालत नाही?

तयारीचा सारा भर साठ्यावर दिला जातो, पण आमच्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. ज्याला रोज सात-आठ गोळ्या घ्याव्या लागतात त्याने त्यांची क्रमवारी डॉक्टरांकडून आधीच लावून घ्यावी: कोणती गोळी थांबली तर तासांत त्रास होईल, कोणती थांबली तर दिवसांत, आणि कोणती आठवडाभर नसली तरी निभावेल. घर सोडायला दहा मिनिटे मिळाली तर काय आधी उचलायचे हे या क्रमवारीवरून ठरते.

सर्वांत वर इन्सुलिन येते. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन पूर्ण थांबले तर एका दिवसाच्या आतही रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो. अन्न मिळत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही या आजारातील घातक चूक आहे. मात्रा कमी करावी लागते, पण दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन सुरूच ठेवावे लागते. किती कमी करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

त्याच रांगेत फेफऱ्याची (अपस्माराची) औषधे आहेत. ती अचानक थांबली तर एकामागून एक झटके येऊन ते थांबेनासे होऊ शकतात. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड काही आठवड्यांहून जास्त काळ घेतलेले असेल तर शरीर स्वतःचे स्टिरॉइड पुरेसे बनवत नसते. अशा वेळी गोळी एकदम बंद झाली की रक्तदाब कोसळू शकतो. ताप, जुलाब किंवा जखम झाल्यास या रुग्णांना उलट जास्त मात्रा लागते, आणि हे समोरच्या नव्या डॉक्टरांना ठाऊक असण्याची शक्यता कमी, म्हणून ते कागदावर असलेच पाहिजे. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, प्रोप्रानोलोल या बीटा-ब्लॉकर गोळ्या एकाएकी थांबवल्यास छातीत दुखणे आणि नाडी वाढणे संभवते. रक्तदाबाचे क्लोनिडिन थांबल्यास रक्तदाब उसळतो. स्टेंट घातल्यानंतरच्या महिन्यांत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल खंडित झाले तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. कृत्रिम झडप बसवलेल्यांचे रक्त पातळ करणारे वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचे टॅक्रोलिमस आणि पार्किन्सनच्या रुग्णांचे लेव्होडोपा हीदेखील याच वर्गातली औषधे आहेत.

उलटपक्षी थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी शरीरातून इतकी सावकाश बाहेर पडते की तिची निम्मी मात्रा जायलाच सुमारे आठवडा लागतो; चार दिवस ती मिळाली नाही तर घाबरून भर पुरात बाहेर पडण्याचे कारण नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांचेही तसेच. येथे ही औषधे अनावश्यक आहेत असे सुचवायचे नाही; त्यांच्यासाठी पुरात जीव धोक्यात घालावा अशी ती नाहीत, एवढेच.

एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यावी का?

नाही. आठवण लवकर झाली तर घ्यावी, पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. क्लोझापिन या मनोविकारावरील औषधाबाबत वेगळी काळजी लागते: ते ४८ तासांहून अधिक काळ बंद राहिले तर नेहमीच्या मात्रेने पुन्हा सुरू करता येत नाही, डॉक्टरांना विचारून कमी मात्रेपासून वाढवावे लागते.

वीज गेली तर इन्सुलिनचे काय करावे?

पहिल्या काही तासांत काहीच करू नये, आणि मुख्य म्हणजे फ्रिज उघडून पाहू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास आतला थंडावा टिकवून धरतो. त्यानंतरही लगेच संकट ओढवत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते हे खरे. पण वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे २८ दिवस टिकतात, आणि काही प्रकारांची मुदत याहून वेगळी असल्याने आपल्या इन्सुलिनच्या डब्यातील पत्रक एकदा वाचून ती तारीख कुपीवरच लिहून ठेवावी. म्हणजे वीज दोन दिवस नाही म्हणून इन्सुलिनची सगळी पेने फेकून देणे चूक आहे. जे फ्रिजबाहेर पडले ते आता वापरातले समजावे, त्यावर त्या दिवसाची तारीख घालावी आणि तेच आधी संपवावे.

अडचण मे महिन्यात जास्त असते, कारण तेव्हा दुपारी घरातले तापमान ३० अंशांच्या वर जाते. जुलैत पाऊस लागला की खोली तेवढी तापत नाही. मेच्या उकाड्यात थर्मास कामाला येतो. त्यात थंड पाणी घालून तो आतून गार करावा, पाणी ओतून टाकून कोरडा करावा, इन्सुलिन जाड रुमालात गुंडाळून आत ठेवावे. बर्फ ठेवायचाच तर तो इन्सुलिनला टेकू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते. घाईघाईत बर्फ लावल्यानेही इन्सुलिन वाया जाते. जे मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते ते गढूळ दिसू लागले, किंवा कोणत्याही प्रकारात न विरघळणाऱ्या गुठळ्या दिसल्या, तर ते वापरू नये.

माठात ठेवलेले चालते का?

चालते, पण गोव्यात त्याला मर्यादा आहे. माठ गार होतो तो पाण्याचे बाष्पीभवन झाल्यामुळे, आणि हवा जितकी कोरडी तितके ते जास्त होते. विदर्भात उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम काम करते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती थोडीच उपयोगी पडते आणि संततधार पावसात जवळजवळ नाहीच. तरीही उन्हे तापलेल्या दिवसांत वीज नसेल तर ओल्या वाळूत बसवलेल्या लहान मडक्यात, झाकणबंद कोरड्या डबीत इन्सुलिन ठेवणे हे कपाटात ठेवण्यापेक्षा बरे. ते थेट पाण्यात बुडवू नये.

दुसऱ्याकडून मिळालेले इन्सुलिन किंवा सिरिंज वापरता येईल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारल्यानंतरही सिरिंज दोनदा पाहूनच. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असते, तर पेनच्या कार्ट्रिजमधील १०० युनिट. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या: ४० युनिटवाल्या सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल, १०० युनिटवाल्याचे नारिंगी. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधून ४० युनिटच्या सिरिंजने इन्सुलिन ओढले तर खुणेवर वीस दिसले तरी प्रत्यक्षात पन्नास युनिट जातात. निवारा केंद्रात, कंदिलाच्या उजेडात, ही चूक सहज होऊ शकते. जास्तीचे पेन किंवा योग्य त्या सिरिंजांचे लहान पाकीट साठ्यात असणे म्हणूनच इन्सुलिनइतकेच आवश्यक आहे.

पावसाळ्यातल्या दमट हवेने गोळ्या खराब होतात का?

काही होतात, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. सोडियम व्हॅल्प्रोएट ही फेफऱ्याची गोळी हवेतील ओल शोषून घेते. फॉइलमधून काढून आठवड्याच्या डबीत टाकलेली ही गोळी जुलैत काही दिवसांतच चिकट होते, तिच्या कडा सुटतात आणि ती बोटाला लागते. ती घ्यायच्या वेळीच फॉइलमधून काढावी. डबीत ठेवायचीच असेल तर फॉइलसकट तो तुकडा कापून ठेवावा. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर ओलीने ती विघटित होत आहे असे समजावे. साखर मोजण्याच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर आकडे चुकतात, आणि चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवणे धोक्याचे असते. पट्टी काढताच डबीचे झाकण टक्क असा आवाज होईपर्यंत दाबावे. औषधे स्वयंपाकघरात चुलीजवळ किंवा न्हाणीघराच्या फळीवर न ठेवता आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

आणखी एक बारीक गोष्ट. गोळ्यांच्या पट्टीवर मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक बहुधा एकाच टोकाला छापलेला असतो. फार्मसीत अर्धी पट्टी कापून घेतली तर तो भाग दुकानातच राहू शकतो, आणि घरी गोळ्या काढायला त्याच टोकापासून सुरुवात केली तर तो कचऱ्यात जातो. साठ्यासाठी पूर्ण पट्टी घ्यावी आणि गोळ्या विरुद्ध टोकापासून काढाव्यात.

पुराचे पाणी लागलेली औषधे वापरता येतात का?

सर्वसाधारण नियम असा की पुराचे पाणी लागलेले औषध टाकून द्यावे, कारण त्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, जनावरांचे मूत्र काहीही असते. इन्सुलिनच्या कुप्या, सिरप, डोळ्यांचे थेंब आणि इनहेलर यांना अपवाद नाही. ज्या औषधाशिवाय जिवाला धोका आहे, त्याची पट्टी बाहेरून भिजली असली तरी आतली गोळी पूर्ण कोरडी व नेहमीसारखीच असेल, तर दुसरी मिळेपर्यंत ती घेता येते. मिळताच बदलावी. टाकून देण्यापूर्वी पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे. नव्या चिठ्ठीसाठी ते उपयोगी पडते.

कागदावर नेमके काय लिहून ठेवावे?

औषधांच्या पिशवीइतकाच, किंबहुना जास्तच, हा कागद महत्त्वाचा आहे. त्यावर प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव, मिलिग्रॅममधील मात्रा आणि घेण्याची वेळ असावी. केवळ कंपनीचे नाव पुरेसे नाही, कारण रस्ता बंद झाल्यामुळे कोणी बेळगावला किंवा सावंतवाडीला अडकले तर तेथे ती कंपनी मिळेलच असे नाही. नावे पट्टीवर जशी इंग्रजी लिपीत छापली आहेत तशीच उतरवावीत, म्हणजे कोणत्याही डॉक्टरांना ती वाचता येतील. त्याखाली आजार, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टिरॉइड चालू आहे का, वॉरफरिनवर असल्यास शेवटची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी) तपासणी, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा व दोन नातेवाइकांचा फोन क्रमांक लिहावा. एक प्रत पाकिटात, एक औषधांच्या डब्यात, एक छायाचित्र फोनमध्ये. मात्रा बदलली की तिन्ही ठिकाणी बदलावी. जुना कागद नसलेल्या कागदाहून वाईट.

डायलिसिसवर किंवा ऑक्सिजनवर असणाऱ्यांनी काय करावे?

वादळाचा इशारा मिळताच डायलिसिस केंद्राला फोन करून वेळ एक दिवस अलीकडे घेता येईल का ते विचारावे, आणि रस्ता बंद झाल्यास जवळचे दुसरे केंद्र कोणते हेही आधीच ठरवावे. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाखेरीज इतर सरकारी रुग्णालयांतही ही सोय आहे. सत्र चुकण्याची शक्यता असेल तर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही कमी करावे लागतात. येथे आपल्या जेवणाचा प्रश्न येतो: मदत म्हणून बहुधा केळी येतात, तहानेला शहाळे हाती दिले जाते, आणि दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. पुरुमेंतातली खारवलेली सुकी मासळी आणि लोणचे पावसाच्या दिवसांत सोयीचे असले तरी मूत्रपिंडाच्या, हृदय कमजोर असलेल्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना त्यातील मीठ बाधते. त्यांच्यासाठी पेज, साधा भात, बिनमिठाच्या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात.

घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३०० ते ४०० वॅट वीज घेतो. घरातला साधा, एका बॅटरीचा इन्व्हर्टर तो तीन-चार तासांपलीकडे चालवू शकत नाही. भरलेला सिलिंडर, त्याचा नियामक (रेग्युलेटर) आणि तो जोडण्याची सवय, तिन्ही हवीत. वीज खात्याच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे हे स्पष्ट सांगावे.

निवारा केंद्रात मिळणारी औषधे घ्यावीत का?

घ्यावीत, पण आपला कागद दाखवून. अंगदुखीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या मूत्रपिंडाचे रुग्ण, वॉरफरिनवर असणारे आणि मनोविकारासाठी लिथियमवर असणारे यांना घातक ठरू शकतात. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल सुरक्षित, तेही मात्रेत. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ते वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकते, आणि आम्लपित्ताच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लिथियमची रक्तातील पातळी धोकादायकपणे वाढू शकते. हात थरथरणे, तोल जाणे दिसताच डॉक्टर गाठावा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही अशा वेळी थांबवाव्या लागतात, पण कोणत्या ते आधी विचारून ठेवावे. जेवणाची वेळ अनिश्चित असेल तर ग्लिमेपिराइडसारखी साखर कमी करणारी गोळी उपाशीपोटी घेऊ नये, आणि खिशात साखर असू द्यावी.

चतुर्थीला आम्ही सारे गावच्या घरी जातो. तेव्हा काय करावे?

चतुर्थी भर पावसाळ्यात येते, त्या दिवसांत गावातली दुकाने बंद असतात आणि सोबत आणलेली औषधे मोजून पाच दिवसांची असतात. मुक्काम जितक्या दिवसांचा त्यात आणखी आठवडाभराची भर घालावी. औषधे मोठ्या बॅगेत नव्हे तर हातातल्या पिशवीत ठेवावीत. जावे तेथे जवळचे आरोग्य केंद्र कोणते हे पहिल्याच दिवशी घरातल्या तरुण माणसाला विचारून घ्यावे.

आईवडील गावात एकटे आहेत आणि आम्ही परदेशात. इथून काय करता येईल?

गोव्यात असे घर वाड्यावाड्यावर आहे. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी व्हिडिओवर औषधांचा डबा समोर उघडायला सांगून पट्ट्या मोजाव्यात. ‘आहेत हो भरपूर’ या उत्तरावर समाधान मानू नये. शेजारच्या एका माणसाकडे घराची चावी, औषधांचा कागद आणि थोडे पैसे असावेत, आणि त्याची फार्मसीत आपल्या नावाने ओळख करून द्यावी. पंच सदस्यालाही सांगून ठेवावे, कारण घरे रिकामी करायची वेळ आली की याद्या पंचायतीकडूनच होतात.

मानसिक आजाराचे औषध चालू असल्याचे सांगायला संकोच वाटतो. न सांगता चालेल का?

शेजाऱ्यांना सांगितले नाही तरी चालेल, पण डॉक्टरांसाठीच्या कागदावरून ते वगळू नये. अशी औषधे एकदम बंद झाल्यास झोप जाणे, चक्कर, प्रचंड अस्वस्थता येते आणि आजार उलटण्याचा धोका असतो. आपत्तीचा ताण त्यात भर घालतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, आणि बांबोळीतील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत जुन्या रुग्णांना औषध पुन्हा सुरू करून घेता येते.

क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची औषधे चुकली तर?

खंड पडल्यास जंतू किंवा विषाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, म्हणून केंद्राला कळवण्यात दिरंगाई नको. क्षयरोगाच्या रुग्णाने निक्षय (सरकारी क्षयरोग नोंदणीचा) क्रमांक आणि एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीचे औषध देणाऱ्या केंद्राच्या) रुग्णाने आपले पुस्तक जवळ ठेवावे. आपल्या केंद्रापर्यंत पोचता आले नाही तर दुसऱ्या केंद्रातून औषध मिळण्यास त्याची मदत होते.

ऐन वेळी कोणाला फोन करावा?

रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. फोन लागताच आधी गाव, वाडा आणि ठळक खूण सांगावी, मग रुग्णाचे वय, आजार आणि कोणते औषध किती तासांपासून थांबले आहे ते सांगावे. ‘इन्सुलिन काल रात्रीपासून नाही, उलट्या होत आहेत’ हे एक वाक्य ‘पेशंट सिरियस आहे’ या वाक्यापेक्षा जास्त कामाचे आहे. फेरीबोट बंद असेल किंवा रस्त्यावर पाणी असेल तर तेही त्याच फोनवर सांगावे, म्हणजे गाडीऐवजी होडीची किंवा अग्निशमन दलाची व्यवस्था करावी लागेल हे समोरच्याला वेळेवर कळते.